होडी गेलीच नव्हती, गुरुजी

गुरुजी, तुम्ही मेलात तेव्हा मी मयताला आले नव्हते. बोंबील सुकत घातले होते, ते राखत बसले. चौथीत तुम्ही आम्हा कोळ्यांच्या पोरांना वहीत चौकोन आखून दिले होते: घरी रोज किती टोपल्या मासळी आली ते महिनाभर लिहायचं. वारा सुटला की बापसाची होडी किनाऱ्यालाच असायची. त्या दिवसांचे चौकोन मी रिकामे ठेवले. "शून्य घाल," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "होडी गेलीच न्हाय, गुरुजी. गेली आन् काय गावलं न्हाय, तर शून्य." तुम्ही पट्टी उभी धरून मारलीत. वर बापसाला बोलावून सांगितलंत, "हिच्या डोक्यात गणित शिरायचं नाही, मासळी सुकवायला लावा." त्याला तेच हवं होतं. माझी शाळा तिथे संपली.

आता ऐका. माझी नात विद्यापीठातल्या संशोधकांना शिकवते, गोळा केलेले आकडे ठेवायचे कसे, वाचायचे कसे. पीएचडी झालेली माणसं तिच्यासमोर बाकावर बसतात. परवा मीरा रोडला तिचा वर्ग होता, मला घेऊन गेली. पडद्यावर आपल्याच उत्तन गावच्या होड्यांना रोज किती मासळी मिळाली त्याचा तक्ता. एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक सांगतायत, मासळी किती घटली बघा, इतके दिवस शून्य. मी बसल्या जागेवरून विचारलं, "त्या दिशी होड्या गेल्या होत्या काय?" तो कागद उलटतोय, पालटतोय. "नोंद नव्हती, आजी. रिकामं होतं, म्हणून आम्ही शून्य भरलं." "मंग रविवारी कॉलेज बंद असतं, तवा तुझी सगळी पोरं दांडी मारतात काय?" वर्ग हसला. तो नाही हसला. त्याने पेन काढून लिहून घेतलं. मग मी उभी राहून तुमची गोष्ट सांगितली. नात कानात म्हणते, "आजी, नाव नको घेऊस." मी दोनदा घेतलं, आडनावासकट. आता शिकलेल्या माणसांच्या वहीत तुम्ही ढ म्हणून बसलात. बसा.

येताना रिक्षात नात सारखी म्हणत होती, "एवढीशी होतीस आणि तुला हे कळलं होतं!" तुम्हाला म्हणून सांगते, त्या रिकाम्या चौकोनांतल्या एका दिवशी होडी गेली होती. टोपल्याही आल्या होत्या. मी खेळायच्या नादात लिहायची विसरले. तिला हे कळायला नको. ती कामावरून यायच्या आत हा कागद फाडते.