काठीच्या मागे

३ डिसेंबर, पंचकुला

शशिकांत म्हणतो, तुला हे काम फुकटात मिळालं. खरा हिशेब असा: धरणाचं एक काम दुसऱ्याच्या हाती देऊन आलो, लेकीचा साखरपुडा पुढे ढकलला, आणि बायको कराडपासून पुण्याच्या विमानतळापर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही. तरी आलो, कारण बोलावणारा शशिकांत होता; इथल्या पूरनियंत्रण खात्याची मोजणीची कामं आता तोच जुळवून देतो. कालव्याच्या मोजणीवर दांडी धरणारी पोरं म्हणून आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो, एका डब्यात जेवलो. ट्रायपॉड वाहून वाहून त्याचा उजवा खांदा कायमचा खाली गेला आहे. शंभरांत मी त्याला पाठमोरा ओळखीन.

मुक्काम त्याच्याच घराच्या गच्चीवर. एकच खोली, इथे तिला बरसाती म्हणतात. बाहेरून लोखंडी जिना. मांजर चढलं तरी ठणठणतो. उल्कावहिनींनी पिठलं केलं होतं. मी म्हटलं, वहिनी, हरियाणाच्या बेसनालासुद्धा तुम्ही मराठी शिकवलंत की! त्यांची लेक हसली आणि हिंदीत म्हणाली, पप्पा सांगतात की अंकलना साप सरपटल्याचंही ऐकू येतं. खोटं नाही ते. आजवर चाहूल न देता कोणी माझ्या पाठीशी आलेलं नाही. शशिकांतच्या मते मी माणूस नव्हेच, ससा आहे.

५ डिसेंबर

काम नेहमीचंच. फेब्रुवारीत एका कंपनीच्या विमानाने चंदीगड, पंचकुला, मुल्लानपूर हा सगळा पट्टा लेसरने मोजला. वरून किरण सोडायचा, तो जमिनीला लागून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढायची. असे अब्जावधी ठिपके. ते ठिपके खरं बोलतात का, हे मी जागोजाग काठी रोवून, माझ्या यंत्राने उंची घेऊन तपासणार. यावरून पुराचा नकाशा ठरेल: मुल्लानपूरच्या कुठल्या शेतात घरं उठायची आणि कुठल्या नाही. म्हणजे माझ्या सहीवर माणसं झोपणार.

आमच्या धंद्याचा एकच सोवळा नियम. मी काठी कुठे रोवली, हे कंपनीला आधी कळता कामा नये. पेपर तपासणाराच पेपर फोडू लागला तर परीक्षा कशाला?

दिवसभर गव्हाच्या कोवळ्या रानात हिंडलो. परतताना बांधावर बसून किन्नू, म्हणजे इकडची संत्री, खाल्ली. झकास.

८ डिसेंबर

कंपनीच्या उंच्या माझ्या उंच्यांशी ताडून पाहिल्या. कुठेच बोटभराचा फरक नाही. गव्हात नाही, डांबरावर नाही, नाल्याच्या मोडक्या काठावरही नाही. इतके गुण फक्त पेपर फुटल्यावर मिळतात.

माझ्या जागा दोघांनाच ठाऊक होत्या. मला आणि शशिकांतला.

दुपारी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. खाली व्हरांड्यात तो फोनवर हळू बोलत होता. हळू, पण मी ससा. म्हणत होता, "मोहन की टेन्शन मत लो जी, वो तो अपना आदमी है. साइन पक्का."

अपना आदमी. एका डब्यात जेवलेला.

९ डिसेंबर

तोंडावर विचारलं. लाजला नाही. म्हणाला की यार, सगळेच करतात, ठिपके जरासे हलवून तुझ्या काठीला टेकवले, त्यात कोणाचं काय गेलं. मी म्हटलं, पहिल्या पावसात कळेल कोणाचं काय गेलं ते. सही करणार नाही. खात्याकडून मूळ, हात न लावलेले ठिपके मागवतो, नव्या जागा घेतो, आणि सोमवारी अहवाल पाठवतो.

नव्या जागा कुठल्या, हे त्याने विचारलंच नाही. नुसता हसला.

११ डिसेंबर

नव्या जागा कोणालाही सांगितल्या नाहीत. पाय नेतील तिथे गेलो. संध्याकाळी मूळ ठिपके उघडले.

कंपनीने दाखवलेली जमीन गुडघाभर खोटी. पुरातून सुटावीत म्हणून शेतंच्या शेतं कागदावर उंच केलेली. ते अपेक्षितच होतं.

हे नव्हतं. माझ्या प्रत्येक नव्या जागेवर ठिपक्यांत कोणीतरी उभं आहे. माझ्याएवढं. हातात काठी.

विमान फेब्रुवारीत उडालं. फेब्रुवारीत मी कराडला होतो. आज सकाळपर्यंत या जागा मलाही माहीत नव्हत्या.

१२ डिसेंबर

पुन्हा पाहिलं. काठीवाल्याच्या मागे दुसरा आहे. पहिल्या जागी लांब, बांधावर. पुढच्या जागी विहिरीशी. त्यापुढच्या जागी— वाफ्याच्या अलीकडे.

मी ज्या क्रमाने फिरलो, त्याच क्रमाने तो जवळ येतो.

त्याचा उजवा खांदा खाली आहे.

१३ डिसेंबर

रानात गेलो. दर वेळी काठी रोवली की मागे वळून पाहिलं. कोणी नाही. कान देऊन उभा राहिलो. काहीच नाही— पाखरूही नाही.

घरी येऊन ठिपक्यांशी ताडून पाहिलं. आजच्या जागांवर तो हाताच्या अंतरावर होता.

शशिकांतने जेवताना माझ्या ताटात स्वतः तूप वाढलं. सोमवारचं काय ठरवलंस, एवढंच विचारलं.

१४ डिसेंबर

नाल्याकाठची जागा उद्या घ्यायची होती. आधीच ठिपके पाहिले. तिथे कोणी उभं नाही. काठी आडवी पडलेली, आणि तिच्याशेजारी लांबट—

घेणार नाही ती जागा. बाहेरच पडणार नाही.

१५ डिसेंबर

वहिनी आणि लेक सेक्टर ३२ च्या इस्पितळात कोणाला तरी बघायला गेल्यात. गच्चीवर बसलोय. धुकं विरलं, ऊन छान. अहवाल तयार आहे, फक्त पाठवायचा—

आधी या घराचे ठिपके उघडले. विमान यावरूनही गेलं होतं. खात्री असावी म्हणून.

गच्चीवर खुर्ची. खुर्चीत माणूस, मान खाली, लिहितो आहे. त्याच्यामागे दुसरा. इतका जवळ की दोघांचे ठिपके वेगळे काढता येत नाहीत. उजवा खांदा—

वहीवर सावली पडली आहे, एका बाजूने उतरती.

जिना वाजलेला मला ऐकू आला नाही