मठ डाव्या हाताला

बुध. १६ ऑक्टो.
बाबांनी आज ईराला दोनदा विचारलं, कितवीत आहेस. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी घासायला वळले. जेवणानंतर सचिन म्हणाला, "बाबांचं २७ चं तिकीट कॅन्सल करू. आधी इथे अमेरिकेतच डॉक्टरला दाखवू. नागपूरला एकटे कसे राहणार ते?" सासऱ्यांचा एवढा कळवळा कधीपासून, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. कारण त्याचं बरोबर असेल तर...
पुण्याहून मिलिंदचा मेसेज: ताई, तू रोज बघतेयस त्यांना, तूच ठरव. धाकटा भाऊ असावा तर असा.
बाबा दिवाळीला घरी जायचं म्हणून आत्ताच बॅग भरून बसलेत.

शुक्र. १८
डॉक्टरकडे कुणाची तरी कॅन्सल झाली म्हणून गुरुवारची अपॉइंटमेंट मिळाली. बाबांना सांगितलं, साधं चेकअप आहे. "बरं," म्हणाले. इतक्या पटकन बरं म्हणाले की मलाच चोरट्यासारखं झालं.

शनि. १९
घरी येऊन आत्ता लिहायला बसले.
सचिन ईराला घेऊन सॉकरला. मी आणि बाबा त्या जुन्या ख्रिस्ती मठाच्या जंगलात. साधू लोक कधीच सोडून गेले, आता दगडी इमारतीत गावाची लायब्ररी आहे आणि तिच्याभोवती तीन मैलांचा चालायचा लूप. बाबा निघायला तयार नव्हते, म्हणून मीच म्हटलं, चला, मठाला प्रदक्षिणा घालून येऊ. माझीच जीभ.
लायब्ररीपाशी गाडी लावून, इमारतीकडे पाठ करून निघालो; फाट्यावरच्या पाटीचा बाण डावीकडे. शंभर पावलांवर बाबा थांबले. "मठ डाव्या हाताला येऊन राहिला. हे उलटं होते."
"बाबा, देव नाहीये तिथे. लायब्ररी आहे."
"मग प्रदक्षिणा काहून म्हणाली?"
मी हसून पुढे. ते मागून. चढावर फोन वाजला. ऑफिसची ऑन-कॉल ड्यूटी माझीच, आणि कालचं सॉफ्टवेअर रिलीज झोपलेलं. एका दगडी बांधाला टेकून बोलत राहिले, दहा-बारा मिनिटं. फोन ठेवून वळले तर बाबा नाहीत.
आधी पुढे धावले, वाटलं कंटाळून चालू लागले असतील. पानांचा खच, वाट कुठली नि रान कुठलं कळेना. तळ्यापाशी पोचले आणि पाण्याकडे बघायची हिंमत होईना. तरी बघितलं. त्यांचा फोन गाडीत चार्जिंगला. हाका मारून घसा बसला. परत मागे, सुरुवातीच्या फाट्यापर्यंत. गाडीपाशीही नाहीत.
फाट्यावर एक बाई, कुत्रं घेऊन आलेली. तिने विचारलं, अंगात काय आहे त्यांच्या? मला स्वेटरचा रंग आठवेना. सकाळी मीच काढून दिला होता. मग विचारलं, मेमरीचा काही त्रास? मी लगेच म्हटलं, येस.
तीन महिने घरात कोणाला म्हणू दिलं नाही ते, आणि एका परक्या बाईसमोर क्षणात कबूल केलं. फार लाज वाटली.
ती ९११ लावत होती आणि मला एकदम ते "उलटं होते" आठवलं. उजव्या हाताच्या वाटेने धावत सुटले, मागून ती नि कुत्रं. बाबा ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलावर बसले होते. शांत. निळा स्वेटर.
"किती वेळ लावला बेटा."
मी ओरडले. बाईसमोर, बापावर.
"सांगून आलो ना तुला. मी फाट्यावरून सुलट येतो म्हटलं. तू मान डोलावली."

रवि. २०
सचिनला सगळं सांगितलं.
"म्हणजे हरवले."
"हरवले नाहीत. बरोब्बर वाटेवर होते."
"मग सांगून गेले होते का?"
माहीत नाही. मला आठवत नाही. पाटबंधारे खात्यात जन्मभर रानं तुडवली त्या माणसाने, वाट नाही चुकायचे ते. पण न सांगता सांगितलं असं वाटणं, हेही त्याच दुखण्यात येतं म्हणे. काल दुपारपासून तेच वाचतेय.
ईरा सिरियलचा बाऊल घेऊन जाता जाता म्हणाली, "मॉम, यू डू दॅट टू मी ऑल द टाइम. तू कॉलवर असलीस की फक्त मान हलवतेस."
सचिन हसला. मी नाही.

सोम. २१
मिलिंदचा फोन. "ताई, खरं सांग, काय झालं?"
"काही नाही रे. थोडी चुकामूक झाली."
फोन ठेवल्यावर वाटलं, शब्द बरा सापडला. चुकामुकीला दोघं लागतात. पण मी बाबांना वाचवत होते की स्वतःला, देव जाणे.
तिकिटाचं गुरुवारी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून लगेच ठरवायला हवं. सचिन विचारत नाहीये, हे जास्त टोचतं.

गुरु. २४
क्लिनिकमध्ये फॉर्म, घरच्यांनी भरायचा. औषधं, झोप, खाणं, सगळं भराभर भरलं. दुसऱ्या पानावर: गेल्या काही महिन्यांत फिरायला गेल्यावर हरवले आहेत का? हो, नाही. दोन चौकोन. चुकामुकीसाठी तिसरा नाही.
बाबा शेजारी बसून वाचत होते. चष्मा लावून, माझ्या खांद्यावरून. चेकअपचं सोंग तिथेच उघडं पडलं. मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.
"हे त्या दिवशीचं विचारून राहिले का?"
"हो."
त्यांनी चष्मा काढला. मग मराठीतच, पण अगदी हळू, जणू आजूबाजूच्यांना कळलं असतं: "बेटा, मी सांगितलं होतं तुला. असं मला वाटते. पण पाच दिवस झाले आठवून राहिलो. तू फोनवर काय म्हणत होती ते आठवते, मान डोलावली ते आठवते. माझा आवाजच आठवत नाही."
मी म्हटलं, "मलाही नाही आठवत, बाबा."
आतून नर्सने त्यांचं नाव पुकारलं, नेहमीसारखं चुकीचं. आम्ही दोघंही उठलो. चौकोन कोरेच होते, पेन माझ्या हातात.