सहा कोरडी कारंजी

३ मे, शनिवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, डोक्याला शिस्त हवी. ही कोणी वाचायची नाही. कोणी म्हणजे ह्यांनी.

लेकीचा फोन. भिंगरीला सतरा तारखेला आठ दिवसांसाठी पाठवते म्हणाली. नात सहा वर्षांची झाली, अजून पाच मिनिटं एका जागी ठरत नाही. पण गेल्या वर्षी आमच्याकडे चार दिवस कूलरसमोर टॅब घेऊन बसली होती आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या आजीकडे जायचं म्हणून रडली. विहीणबाईंच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. त्यात त्यांचं कर्तृत्व काय, ते मला आजवर कळलेलं नाही.

लेक म्हणाली, आई, या उन्हात तिला दिवसभर काय करायला लावणार आहेस? काही ठरव, नाहीतर सरळ तिकडेच ठेवते.

सरळ तिकडेच. हिला नऊ महिने पोटात वागवलं.

मला विहीणबाईंशी स्पर्धा करायची नाही. त्या हराव्यात, एवढंच.

४ मे, रविवार.
उपाय सापडला. स्प्लॅश पॅड. म्हणजे बागेत एक फरसबंदी चौक, जमिनीतून कारंजी उडतात, मुलं मध्ये नाचतात. तळं नाही, खोली नाही, बुडण्याची भीती नाही. पूलपेक्षा सर्व बाबतीत श्रेष्ठ. इंटरनेटवर यादी मिळाली: आपल्या उपनगरात असे सहा आहेत. इथे त्रेचाळीस अंश तापतं, समुद्र आठ तासांवर, नदी फक्त नकाशात. आणि सहा स्प्लॅश पॅड! आजवर मला कोणी सांगितलं नाही.

हे म्हणाले, सांगितलं होतं. मी ऐकलं नाही म्हणजे यांनी सांगितलं नाही.

ठरलं. भिंगरी येण्याआधी सहाही जागांची स्वतः पाहणी करायची, शंभरपैकी गुण द्यायचे, पहिल्या तीन जागी तिला न्यायचं. वीज कंपनीच्या तक्रार विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत. कुठे काय बिघडलंय ते मला लांबून दिसतं.

५ मे, सोमवार. सकाळी ७.४०.
पॅड क्रमांक एक, वाचनालयामागची बाग. उन्हाच्या आधी जावं म्हणून सव्वासहाला पोचले. चिटपाखरू नाही. पाण्याचा थेंब नाही. फरशीत भोकं आहेत, त्यातून मुंग्या येत होत्या. मधोमध कमरेएवढा निळा खांब, वर लाल टोपी. हा काय प्रकार, देव जाणे. हल्ली कलेच्या नावाखाली काहीही उभं करतात. छत्री टेकवायला बरा पडला.

कडेला एक फलकही आहे. अक्षर बारीक. वाचायचा चष्मा नेला नव्हता, कारण मला त्याची गरज नाही.

गुण: अकरा. बाकांसाठी.

६ मे, मंगळवार.
क्रमांक दोन आणि तीन. दोन्ही ठणठणीत कोरडे. दोन्हीकडे तोच खांब, तीच लाल टोपी. म्हणजे एकाच माणसाने सगळीकडे विकले असणार.

हे म्हणाले, अगं, आसपास कोणाला तरी विचार. पहाटे सहाला कोणाला विचारू, कबुतराला? शिवाय मी बत्तीस वर्षं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आता लोकांना प्रश्न विचारत हिंडू? लोक कसे असतात ते मला विचारा. वीज नाही, वीज नाही म्हणून गळा काढायचे. मी शांतपणे एकच विचारायची: स्विच चालू केला होता का? दहापैकी सात वेळा पलीकडे शांतता. माणसाला डोकं दिलंय ते टोपी घालायला, असं माझं मत तेव्हाच झालं.

८ मे, गुरुवार.
काल गुडघा. आज क्रमांक चार, मुद्दाम संध्याकाळी साडेसहाला. फरशी ओली! चारदोन मुलं टॉवेल गुंडाळून घरी निघाली होती. पण कारंजी बंदच. दहा मिनिटं चौकाच्या मधोमध उभी राहिले, काही नाही.

अर्थ उघड आहे. कोणी बडा अधिकारी येऊन गेला असणार, त्याला दाखवायला टँकरने पाणी मारलं. आम्हीही साहेब यायचे तेव्हा ऑफिसात कुंड्या आणायचो.

नऊ गुण.

९ मे, शुक्रवार.
पाच आणि सहा. कोरडे. सहाच्या सहा बंद! एका उपनगरातली सगळी मुलं उन्हात भाजताहेत आणि कोणाला लाज नाही.

खात्री करावी म्हणून गल्लीतल्या प्लंबरला विचारलं. तो कोणाचा तरी नळ उघडून बसला होता, वर न बघताच म्हणाला, मॅडम, बटण-बिटण असेल तिकडे, दाबून बघा. म्हटलं, अरे बाबा, कॉन्व्हेंटमध्ये वाढलेय मी. जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही, हे मदर सुपिरिअरने पट्टीने शिकवलंय. तो म्हणाला, मग पायाने दाबा.

या माणसाला पुन्हा घरात घ्यायचं नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, गळू दे.

१० मे, शनिवार. दुपार.
तक्रार लिहिली. दीड पान, एकही खाडाखोड नाही.

तक्रार कशी लिहायची ते या देशात चार माणसांना कळतं, त्यातली तीन वारली. "गैरसोय" लिहिलं की फाइल खालच्या ट्रेमध्ये. "नाराजी" लिहिलं की टोपलीत. "लहान मुलांच्या जिवाला धोका" लिहिलं की त्याच दिवशी वरच्या ट्रेमध्ये, लाल दोऱ्यासकट. हे आमच्या विभागाबाहेर कोणाला माहीत नाही. मी ते तीनदा लिहिलं आणि अधोरेखित केलं.

ह्यांनी वाचून विचारलं, पाणीच नाही तर जिवाला धोका कसला? म्हटलं, भोकात पाय अडकून मूल पडलं तर? ते म्हणाले, भोक बोटाएवढं आहे. ह्यांना पत्रलेखनातलं काही कळत नाही.

११ मे, रविवार.
बिल्डिंगमधून बावीस सह्या. कोणीही पत्र वाचलं नाही, यावरून माझ्यावरचा विश्वास दिसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर दार उघडायच्या आधीच पेन पुढे केलं.

१२ मे, सोमवार.
पत्र महापालिकेत स्वतः जाऊन दिलं. पोच घेतली. पोचेवरचा शिक्का वाकडा. तो पुन्हा मारून घेतला.

१४ मे, बुधवार.
स्प्लॅश पॅड सुरू होईपर्यंत पर्याय हवा. हवा भरायचा टब मागवला. बाल्कनीत ठेवणार. हवा भरायचं काम ह्यांचं.

१५ मे, गुरुवार.
हे अर्धा टब भरून आडवे झाले. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली आहे. टबातली हवा दुपारपर्यंत निघून गेली. ह्यांची संध्याकाळपर्यंत परत आली.

विहीणबाईंचा फोन. गोड आवाजात म्हणाल्या, ताई, भिंगरीचा पोहायचा ड्रेस इकडेच आहे, पाठवून देऊ की ती इकडेच येईल? म्हटलं, पाठवा. आमच्याकडे पाण्याची सहा ठिकाणं आहेत. हे खोटं नव्हतं. ठिकाणं सहा आहेतच.

१७ मे, शनिवार.
भिंगरी आली. आल्या आल्या विचारलं, आजी, पाणी कुठे आहे? म्हटलं, माठात. ती हसली नाही. बाल्कनीतला टब उचलून डोक्यावर घेतला आणि कासव झाली. अर्धा तास. मग टॅब.

लेकीचा मेसेज: काय करतेय? मी उत्तर दिलं: प्राण्यांचा अभ्यास.

उद्या तिला क्रमांक एकला नेणार. नागरिकशास्त्राचा धडा म्हणून. सार्वजनिक पैसा कसा मातीत जातो, ते मुलांना लहानपणीच दाखवावं.

१८ मे, रविवार. रात्रीपर्यंत दम धरवत नाही, संध्याकाळीच लिहिते.
वाचनालयामागची बाग, सकाळी दहा. मी पांढरा, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून गेले होते, कारण भिजायचा प्रश्नच नव्हता. चौकाच्या मधोमध उभी राहून तिला भोकं दाखवली. म्हटलं, बघ, इथून पाणी यायला हवं होतं. ती म्हणाली, मग बटण दाब ना. म्हटलं, कुठलं बटण? ती धावत गेली आणि लाल टोपीवर दोन्ही हातांनी थाड्कन मारलं.

मी नेमकी मधल्या भोकावर होते.

पुढचं थोडक्यात. पाणी सात मिनिटं चालतं, मग आपोआप थांबतं, मग पुन्हा दाबायचं. पाण्याची बचत म्हणून. फलकावर हे सगळं लिहिलं आहे, भिंगरीने बोट ठेवून वाचून दाखवलं. पहिलीच ओळ: "लाल बटण दाबा." अक्षर तसं मोठं आहे.

आम्ही तिथे एक तास पन्नास मिनिटं होतो. मी फक्त पाहणीसाठी आत होते. पाहणी नीट व्हायची तर सगळ्या कारंज्यांवर उभं राहावंच लागतं. पूर्वेकडच्या तिसऱ्यावर गुडघ्याला विशेष आराम पडतो. बटण एकूण चौदा वेळा दाबलं गेलं, त्यातल्या नऊ वेळा मी.

येताना भिंगरी म्हणाली, आजी, रोज यायचं हं. आणि मग, अगदी सहज: दुसऱ्या आजीकडे नाही जायचं मला. तिकडे पळू देत नाहीत.

लेकीला लगेच फोन केला. शब्दशः सांगितलं. दोनदा.

गुण: अठ्ठ्याण्णव. दोन कापले, कारण कोणी आधी सांगितलं नाही.

ता. क. ते पत्र. उद्या फोन करून मागे घ्यायचं. घाई नाही. सरकारी काम आहे, सहा महिने कोणी हात लावणार नाही.

१९ मे, सोमवार.
बागेला साखळी. आत पिवळी पट्टी. सूचना: "नागरिकांच्या तक्रारीवरून, लहान मुलांच्या जिवाला असलेला धोका लक्षात घेऊन, उपनगरातील सहाही स्प्लॅश पॅड तपासणीसाठी दहा दिवस बंद."

दहा दिवस! आणि पत्र देऊन सात दिवसांत कारवाई! बत्तीस वर्षांत आम्ही कधी एवढा उतावळेपणा केला नाही. हल्ली कामाची काही पद्धतच राहिली नाही.

साखळीपाशी पंधरावीस मुलं, टॉवेल, आया. एक जुळ्यांची आई कमरेवर हात ठेवून म्हणत होती, कोण गं हे रिकामटेकडे लोक? यांना दुसरे उद्योग नाहीत? मी म्हटलं, अगदी बरोबर बोललात. अशा लोकांना सोडता कामा नये. चारचौघींना माझं बोलणं पटलं, वातावरण छान जमलं होतं, तेवढ्यात भिंगरी म्हणाली, आजी, पण पत्र तर तूच लिहिलंस ना? आजोबा सांगत होते.

आम्ही मागच्या वाटेने परतलो. गुडघ्याने एवढा वेग गेल्या दहा वर्षांत घेतला नव्हता.

ह्यांच्याशी बोलणं बंद. यांना त्याचा पत्ता लागायला वेळ लागेल.

दुपारी ३.
महापालिकेच्या तक्रार विभागाला फोन केला. मुलीचा आवाज शांत, सरावलेला. ओळखीचा वाटला. म्हणजे मुलगी नाही, आवाज. मी म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे, पॅड उत्तम चालतात. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही लिहिलंय सहाही बंद आहेत. म्हटलं, तेव्हा होते. तिने विचारलं, तेव्हा बटण दाबलं होतं का?

माझ्याकडून शांतता.

ती म्हणाली, दहापैकी सात जण दाबत नाहीत, मॅडम. पण जिवाचा धोका लिहिलाय म्हणजे तपासणी आता थांबवता येत नाही. तसा नियम आहे.

नियम बरोबर आहे. मी असते तरी तसंच सांगितलं असतं.

२० मे, मंगळवार.
बाल्कनीत बादली आणि मग. भिंगरीने बादलीला विचारलं, बटण कुठे आहे? नंतर कूलर. नंतर टॅब. संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, आजी, तुझा राग नाही आला मला, फक्त गरम होतंय.

लेकीला मीच फोन केला. म्हटलं, उरलेले दिवस तिकडे ठेव. ती मग म्हणाली, आई, तूपण जा ना बरोबर.

मी जाणार नाही. प्रश्नच नाही. तत्त्वाचा मुद्दा आहे.

२१ मे, बुधवार. दुपारी ४.
विहीणबाईंची सोसायटी. पूलशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत. भिंगरीला सोडायला आले, ती म्हणाली थांब, म्हणून तपासणीसाठी थांबले. गुण अजून दिलेले नाहीत.

विहीणबाई वागायला बऱ्या आहेत, हे त्यांच्या विरोधात धरता येत नाही. मला सरबत दिलं. सहा ठिकाणांबद्दल एक शब्द विचारला नाही, म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे.

पूलमध्ये उतरण्याआधी शॉवर घ्यायचा असा इथला नियम. भिंगरी शॉवरखाली उभी राहिली, पाणी येईना. विहीणबाई इकडेतिकडे पाहू लागल्या. मी मनात म्हटलं, बघा, अनुभव यालाच म्हणतात. बाजूच्या भिंतीवर मोठं लाल बटण होतं. मी सगळ्यांच्या आधी पुढे झाले आणि तळहाताने थाड्कन दाबलं.

भोंगा वाजला. आठही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. गार्ड हवेची ट्यूब घेऊन धावत आला आणि ओरडला, कोण बुडतंय?

भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पूर्ण कोरडी उभी होते.