आगमनकाळातल्या जांभळ्या खोळी

अकोला, शनिवार, २९ नोव्हेंबर १९५८

उद्यापासून आगमनकाळ, नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे. संध्याकाळी देवळात वेदी लावताना मी मूर्तींवर जांभळ्या खोळी चढवल्या. माझ्या बायकोने, मार्थाने शिवलेल्या. ईस्टरच्या आधी पंधरा दिवस त्या चढतात. यंदा त्याच पंधरवड्यात ती गेली.

प्रचारकाची बायको सुशीला झाडायला आली अन् ओरडलीच, "भाऊजी, मरियामायले काहून झाकलं? आता का उपासाचे दिवस हायेत? येशूबाळ येऊन राह्यला, अन् तुमी मायचंच तोंड झाकून राह्यले!"

म्हणालो, रंग एकच, गोंधळ झाला. खोळी काढून पेटीत ठेवल्या.

चिडायचं तरी कोणावर? आगमनकाळ काय, ईस्टरआधीचा उपवासकाळ काय, दोन्ही तयारीचेच, फादरांचा झगाही दोन्हींत जांभळाच. पण उपवासकाळात माणसाला गप्प बसू देतात. आता म्हणे आनंदाने वाट पाहा. मी कोणाची पाहू?

आणि गोंधळ कसला? वीस वर्षं वेदी लावतो आहे, मला काय कळत नाही? खोटंच बोललो. मला फक्त मार्थाची शिलाई बघायची होती. ईस्टर जवळ येईपर्यंत थांबवत नव्हतं.

पेटीला सुशीलानेच कुलूप घातलं.