एका नावाची दोन पाकिटं

३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निवड चाचणीत मी दुसरा आलो, हे काकूने तुला कळवलंच असेल. पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. माझ्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं. हात स्थिर ठेवणारं म्हणे; तिरंदाजाने घेतलं तर चार वर्षं घरी. सोळाला सुनावणी आहे. आईशप्पथ, सर्दीच्या गोळ्यांशिवाय मी काही घेतलेलं नाही, त्याही पथकाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. काकूने फळीवरचं माझ्या नावाचं पाकीट स्वतः बॅगेत ठेवलं होतं.

माझ्यावरच्या सिनेमाचं काम थांबलंय, म्हणजे त्यातलं तुझं व्हायोलिनही अडकलं. आजोबांचं नाव आपल्या दोघा चुलतभावांना आणि आता सिनेमालाही. तिघांचीही अब्रू एकदमच जायची. मला काही सुचत नाही.

लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.
धाकटा

६ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

धीर सोडू नकोस. लहानपणी काच तू फोडायचास आणि नाव एकच म्हणून बोलणी मला बसायची, तेव्हा बरा घाबरत नव्हतास. तपासणीतही चुका होतात म्हणे. चांगला वकील बघ. काम थांबण्याआधी माझं एक दिवस रेकॉर्डिंग झालं, ते बरं गेलं नाही. आईला इतक्यात काही बोलू नकोस.

माया आहे तशीच आहे.
दादा

८ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

परवाचं पत्र फाडून टाक. ते भित्र्या माणसाने लिहिलंय.

दोन वर्षं झाली, वाजवायला बसलो की माझा उजवा हात थरथरतो. एका गोळीने तो थांबतो. घरात कुणाला ठाऊक नाही, बरोबरच्या वादकांना तर नाहीच. गेल्या महिन्यात आपण दोघं आईकडे होतो, तेव्हा तू सर्दीच्या गोळ्या आणल्यास त्या कोपऱ्यावरच्याच औषधाच्या दुकानातून मीही माझ्या गोळ्या घेतल्या. दुकानदाराने पाकिटावर नाव लिहिलं. तुझ्या पाकिटावरही तेच. आईने हाताला लागलं ते तुझ्या बॅगेत घातलं, उरलेलं मी न बघता उचललं. रेकॉर्डिंगला गज तारेवर ठरेना, तेव्हा पाहिलं तर सर्दीच्या गोळ्या.

तुझं पत्र वाचताक्षणी सगळं लक्षात आलं, तरी मी तुला वकील बघायला सांगितलं. याची फार लाज वाटते. हे उघड झाल्यावर मला कोण काम देणार, एवढंच डोक्यात होतं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सोळाला येतो.

आधीसारखा जीव लावशील का, हे कुठल्या तोंडाने विचारू?
दादा

१९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकाल आला. त्या चाचणीचे गुण रद्द, पण बंदी नाही. सप्टेंबरात पुन्हा चाचणी. काकू आधी दुकानदाराशी भांडली, मग स्वतःवरच चिडून बसली.

समितीने तुला हात पुढे करायला सांगितलं, तेव्हा मला बघवेना.  तू मात्र हात मागे घेतला नाहीस.

सिनेमाचं काम पुन्हा सुरू होतंय, पण काल दिग्दर्शक बाईंनी तुझ्या जागी दुसरा वादक ठरवल्याचं कळलं. असा हात चालणार नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग माझी गोष्टही चालणार नाही, संमतीची सही अजून केलेली नाही. बाईंनी तासभर वाद घातला. शेवटी तुझं वाजवणं एकदा ऐकायला तयार झाल्या, एकदाच.

मंगळवारी सकाळी दहाला स्टुडिओत पोच. पाकीट उघडून नीट बघ आणि गोळी घेऊनच ये. तुझ्या खेळात तिला बंदी नाही.

तुझा आणि तुझ्याच नावाचा,
धाकटा