हेडमास्तरांनी तिसरा गिअर टाकला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, सातव्या महिन्यात साष्टांग घालायला पोट आडवं येतं). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? सावकाश कळव, आधी माझं ऐक, नाहीतर मी फुटेन!

पोटुशी असताना मला साखर निघाली आणि इन्सुलिन सुरू झालं, हे तुला ठाऊकच आहे. सुई टोचली की लगेच खायचंच, अशी डॉक्टरीणबाईंची तंबी. काल टोचून घेतलं, ताटावर बसणार, तोच आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी, निवृत्त हेडमास्तर, दहा मिनिटं आधीच दारात हजर! (तीन महिने शिकवतेय, पण गृहस्थ दुसऱ्या गिअरपुढे जात नाहीत. सायकलवाले आम्हाला मागे टाकतात.) म्हटलं, एक फेरी मारू, मग खाऊ. अक्कल गहाण, दुसरं काय!

चौकात पोचलो आणि माझे हात लटपटायला लागले, घामानं निथळले, एका सिग्नलचे दोन दिसू लागले. सांगायचं होतं, 'डावीकडे वळा'; तोंडातून निघालं, 'डाळ शिजवा'. हेडमास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गाडी कडेला घेतली (आरसा बघून, इंडिकेटर देऊन!) आणि शाळेतल्या आवाजात गरजले, "तोंड उघडा!" मी पहिलीतल्या पोरीसारखं उघडलं. त्यांना स्वतःला वीस वर्षांची साखर, त्यामुळे ग्लुकोजची पुडी कायम खिशात. पाण्यात विरघळवून त्यांनी मला घोट घोट पाजलं, मी भानावर येतेय असं दिसताच गाडी सुरू केली आणि ताई, तिसरा गिअर टाकला! तिसरा! मी घाबरून माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवला, तर म्हणाले, "पाय काढा, बाई. वर्गात लुडबूड नको."

दवाखान्यात पोचेतो साखर चौऱ्याहत्तरपर्यंत वर चढली होती. बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडतोय नुसता! मी रडले, हेडमास्तर रडले. नर्सबाईंनी हातासरशी त्यांचीही साखर तपासली, ती दोनशे नव्वद! मग काय, मला सोडून सगळे त्यांच्यामागे.

तुझी,
धाकटी

ता. क. आता मी ठणठणीत आहे. तू मुळीच यायची घाई करू नकोस.

ता. क. आईला इन्सुलिनचं अजून सांगितलेलं नाही. तूच सांग, पण ती जेवल्यावर.

ता. क. पहिला ता. क. खोडायचा राहिला. बाळाचे ठोके सापडायला नर्सबाईंना दोन मिनिटं लागली होती. ती दोन मिनिटं मी वर लिहिलीच नाहीत. हे कामावर गेले की घरात मी एकटीच असते. ये ना गं.