पंपघरातला दुसरा फोन

शीळफाटा,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. मंजुळा हिला बाबांचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. इकडे ठीक आहे. भेंडी तोडायला आली, तलावातला रोहू वीतभर झालाय. तुझ्या आईचे गुडघे बोलतात, तीही बोलते.

नवीन म्हणजे, टोपलीने भाजी विकून घेतलेल्या आपल्या बावीस एकरांत आता कुठूनही फोन घेता येतो. कल्याणच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा तेव्हा मी तलावावर. गडी दौलत बोलवायला धावत येईपर्यंत तिकडून फोन ठेवलेला. लांब पल्ल्याच्या कॉर्डलेसची किंमत ऐकली. तेवढ्यात दुसरी विहीर झाली असती. मग साधा, वापरलेला घेतला आणि त्याची एरियल पाण्याच्या टाकीवर चढवली. इंटरकॉमवर तुझ्या आईला बोलत ठेवलं आणि आवाज कुठे खरखरतो ते बघत बांधाबांधाने फिरलो.

"चाळीसपर्यंत मोजलं हो! भात करपतोय. तुम्ही आहात का पडलात विहिरीत?"

"आहे गं. बोल, बोल."

टेकाडामागे गेलो की ती एकदम गप्प. लग्नाला तीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून पलीकडच्या पंपघरापर्यंत भंगारातली टेलिफोनची वायर बांबूंवरून ओढली आणि तिथे दुसरा जुना कॉर्डलेस बसवला. लाइन एकच, फोन दोन. सगळी जमीन आली त्यात.

एक चूक राहिली. किंवा मी राहू दिली. घरात कोणी फोनवर बोलत असलं आणि पंपघरातला उचलला, तर सगळं ऐकू येतं.

आषाढात एका बुधवारी पावसाने बाजार चुकला म्हणून भाव विचारायला उचलला, तर तुझा आवाज. "आई, जेवलीस का?" ठेवून द्यायला हवा होता. नाही ठेवला. बुधवारी तीनला मी बाजारात असतो म्हणून तू तेव्हा फोन करतेस, हे कळलं. त्यानंतर एकाही बुधवारी मी बाजाराला गेलेलो नाही. माल दौलत नेतो, तुझी आई मला बाजारात समजते आणि मी पंपघरात बसतो. एकदा तू विचारलंस, "आई, आवाज एकदम बारीक का झाला?" ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वायरी, दुसरं काय!" मी तोंडावर हात दाबून बसलेलो.

गेल्या बुधवारी तू म्हणालीस, "सातवा लागला. पण बाबांना विचारू नकोस. ते नाही म्हणाले तर मला ते पुन्हा ऐकायचं नाहीये." तुझ्या मागून विहीणबाई हळूच बोलल्या. फोनमध्ये जाणार नाही असं त्यांना वाटलं असेल, पण माझे कान तुला माहीत आहेत. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं गं पोरीचं. त्यांना सांग, आम्ही कोणी पाठोपाठ येणार नाही. फाटकाशी सोडून परत फिरू."

मंजुळा, दोन वर्षांपूर्वी त्याच रमाबाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवलेला. वैशाखात तुमच्या घरी तीन जिने चढून आलेलो, सदरा भिजलेला, आणि मी म्हणालो, तहान नाही. बौद्धांचं घर म्हणून पीत नाही, हे तोंडाने बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. तुझ्या सासऱ्यांनी, भगवानरावांनी, तांब्या मुकाट उचलून आत नेला. मी गावभर सांगतो की पोर घर सोडून गेली. तसं नाही. दार मी लावलं.

पहिल्या बाळंतपणाला मुलीला आणायला बापाने जायची आपली रीत आहे. येत्या रविवारी दुपारी जीप घेऊन येतो. आल्या आल्या विहीणबाईंकडे पाणी मागेन. दिलं तर पिईन. नाही दिलं तर तसाच बसून राहीन, तो त्यांचा हक्क आहे. तुला यायचं नसेल तर तोंडावर सांग, ऐकून घेईन. यायचं असेल तर त्यांनाही तयार राहायला सांग. फाटकापर्यंत नाही, घरात यायचंय.

फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवला असतास तर मला दुसऱ्यांदा धीर झाला नसता. आईला अजून यातलं काही ठाऊक नाही. या बुधवारी तिच्याशी पोटभर बोल. पंपघराला कुलूप असेल.

इतके महिने चोरून ऐकणारा,
तुझा बाप
दामाजी